ओरेखोव्हो-झुयेव्हो येथील गिरणीचा फुटबॉल-संघ : उत्पत्ति, आश्रय व वंशनिर्णय

वंशावळ जितकी सरळ व मोहक, तितकी ती अधिक बारकाईनें तपासावी, हा धडा आमच्या वाचकांस नवा नाहीं. एखादें घराणें पराक्रमानें पुढें आलें कीं त्यास शोभेल असा मूळ पुरुष शोधण्याचें काम भाट व बखरकार यांजकडे येतें. ते तो शोधून काढतात, आणि दोन पिढ्या लोटल्यावर त्या शोधाचाच पुरावा म्हणून उपयोग होऊं लागतो. या व्यवहारांत मोठ्या घराण्याचा लाभ होतो हें सर्वांस दिसतें. परंतु ज्या लहान घराण्याचा पूर्वज असा परस्पर उचलला जातो त्याची हानि कोणी मोजीत नाहीं.

राजघराण्यांच्या बाहेरहि हाच प्रकार घडतो, याचें एक बोलकें उदाहरण रशियांतील फुटबॉलच्या इतिहासांत आहे. मॉस्को येथील ‘डायनामो’ हा जगप्रसिद्ध संघ मूळचा मोरोझोव्ह नांवाच्या कापड-गिरणीवाल्यांचा, त्याची स्थापना लॅंकेशायरच्या चार्नॉक बंधूंनीं १८८७ सालीं केली, आणि त्याचे पांढरे-निळे रंग इंग्लंडांतील ब्लॅकबर्न रोव्हर्स या संघाचे, असें अनेक ग्रंथांतून व लेखांतून लिहिलेलें आढळतें. यांत खरें किती, जोडलेलें किती, आणि या जोडणीमुळें कोणाचा वारसा लोपला, हे तीन प्रश्न येथें क्रमानें घ्यावयाचे आहेत.

(१) स्थान व घराणें

मॉस्कोच्या पूर्वेस सुमारें ९० किलोमीटरांवर क्ल्याझ्मा नदीच्या कांठीं ओरेखोव्हो-झुयेव्हो हें गांव आहे. हें जोडनांव १९१७ चें. त्यापूर्वीं ओरेखोव्हो, झुयेव्हो व निकोल्स्कोये अशीं तीन वस्तीचीं ठिकाणें निरनिराळीं होतीं, हें जुने उल्लेख वाचतांना ध्यानांत ठेविलें पाहिजे. एरव्हीं एकाच संघाचे दोन संघ होतात.

मोरोझोव्ह घराण्याचा मूळ पुरुष साव्हा वासिल्येविच (१७७०–१८६०) हा झुयेव्हो येथील भूदास. रेशमी फिती विणून त्यानें पैसा जोडला, आणि १८२० च्या सुमारास आपल्या धन्यास १७,००० रूबल देऊन आपली व आपल्या मुलांची सुटका करून घेतली. हें घराणें रशियन धर्मपीठापासून फुटून निघालेल्या ‘जुन्या श्रद्धे’च्या पंथाचें होतें. या पंथाचे लोक व्यापारांत काटकसरी व व्यवहाराला चोख, पण आचारांत कडक, म्हणून प्रसिद्ध. पुढें घराण्याच्या शाखा झाल्या. त्यांपैकीं दोन शाखांच्या गिरण्या निकोल्स्कोये येथें जवळजवळ उभ्या होत्या. एक धाकटा मुलगा तिमोफेय याच्या शाखेची, ‘साव्हा मोरोझोव्हचा पुत्र व मंडळी’ या नांवाची. दुसरी नातू विकुला याच्या शाखेची. हा भेद पुढील विवेचनांत महत्त्वाचा आहे.

यंत्रें मात्र दोघांचींहि विलायतेकडचीं. सूतकामाचीं यंत्रें परदेशीं पाठविण्यावर इंग्लंडांत असलेली बंदी १८४३ मध्यें उठली. त्यानंतर ब्रेमेन येथील लुडविग क्नोप या व्यापाऱ्यानें मॅंचेस्टरच्या पेढीमार्फत रशियन गिरण्यांना यंत्रें, उधारी आणि कारागीर असें सर्वच पुरविण्याचा धंदा मांडला. मोरोझोव्ह हे त्याच्या अगदीं आरंभींच्या गिऱ्हाइकांपैकीं. जेथें देऊळ तेथें पुजारी, तशी जेथें गिरणी तेथें क्नोप, अशा अर्थाची म्हणच रशियांत पडली. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांनीं चाळला आहे त्यांस हें चित्र ओळखीचें वाटेल. ओल्डहॅमच्या प्लॅट बंधूंच्या कारखान्यांतील यंत्रें मुंबईस आलीं तशींच रशियांतहि गेलीं. आणि यंत्रांबरोबर तीं चालवून दाखविणारा लॅंकेशायरचा जॉबर, इंजिनियर व व्यवस्थापक हाहि दोन्हीं ठिकाणीं गेला.

(२) १८८७ ची आख्यायिका

अशा लॅंकेशायरी मंडळींपैकींच चार्नॉक कुटुंब. या कुटुंबांतील क्लेमेंट व हॅरी यांचीं नांवें ओरेखोव्होच्या फुटबॉलशीं कायमचीं निगडित झालीं आहेत. आख्यायिका अशी : क्लेमेंट चार्नॉक यांनीं १८८७ सालीं गिरणींत फुटबॉल सुरू केला, ब्लॅकबर्नचे सदरे मागविले, बुटांस पैसा पुरेना, तेव्हां खिळे ठोकलेल्या चामड्याच्या पट्ट्या करवून त्या मजुरांच्या नेहमींच्याच जोड्यांस बांधल्या, उघडे गुडघे पाहून जुन्या श्रद्धेचे वृद्ध लोक संतापले, आणि पुढें हॅरी यांनीं लंडनच्या वृत्तपत्रांत जाहिरात देऊन फुटबॉल चांगला खेळूं शकणारे इंजिनियर व कारकून मागविले.

कथा रम्य आहे, आणि तिचा गाभा विश्वसनीयहि आहे. चार्नॉक होते, ते गिरणीच्या व्यवस्थेंत होते, आणि खेळाचे खरे प्रवर्तक होते, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. शंका आहे ती सालाविषयीं, आणि त्याहून अधिक त्या सालावर रचलेल्या इमारतीविषयीं. पीटर्सबर्ग येथील इंग्रज रहिवासी फुटबॉल आपापसांत १८८७ च्या आधींपासून खेळत होते. तेव्हां केवळ खेळण्याचा मान घेतला तर तो ओरेखोव्होचा ठरत नाहीं. रशियांतील फुटबॉलचा जन्मदिवस म्हणून रशियन लोक जो मानतात तो १८९७ च्या ऑक्टोबरची १२ वी तारीख, म्हणजे नव्या गणनेप्रमाणें २४ वी, असा आहे. त्या दिवशीं पीटर्सबर्ग येथें ‘स्पोर्ट’ या रशियन मंडळाचा वासिलेऑस्त्रोव्ह येथील संघाशीं सामना होऊन ‘स्पोर्ट’ सहा गोलांनीं हरला. या सामन्याची हकीकत त्याच वेळीं छापून निघाली, म्हणून तो जन्मदिवस ठरला. समकालीन कागदाचें बळ तें हेंच. आठवण कितीहि प्रामाणिक असली तरी ती बखरीच्या जातीची. कैलासवासी राजवाड्यांनीं जी दृष्टि आपल्याला दिली तिच्याप्रमाणें तिचें स्थान पत्राच्या खालीं.

दुसरें असें कीं, चार कारकुनांनीं सायंकाळीं चेंडू लाथाडणें निराळें आणि वर्षानुवर्षें मंडळ चालविणें निराळें. मंडळाला वेळ लागतो, मैदान लागतें, आणि एकत्र जमण्याची मुभा लागते. या तीन गोष्टी ओरेखोव्होच्या मजुराला केव्हां मिळाल्या, हें पाहिलें म्हणजे आख्यायिकेपेक्षां अधिक भक्कम असा आधार हातीं येतो.

(३) संप, रविवार व सनद

१८८५ च्या जानेवारींत निकोल्स्कोये येथें जो संप झाला तो रशियाच्या इतिहासांत ‘मोरोझोव्ह संप’ म्हणून प्रसिद्ध आहे. १८८२ ते १८८४ या तीन वर्षांत मजुरी पांच वेळां कमी केलेली. त्यांत दंडाची भर, आणि तो दंड मजुरीच्या चतुर्थांशापर्यंत व केव्हां त्याहूनहि वर जाई. सुमारें ८,००० मजूर कामावरून उठले. प्योत्र मोइसेयेंको व वासिली वोल्कोव्ह हे त्यांचे पुढारी. फौज येऊन संप मोडला. परंतु पुढच्या वर्षीं व्लादिमीर येथें खटला चालला तेव्हां ज्यूरीपुढें ठेविलेल्या १०१ प्रश्नांपैकीं प्रत्येकाचें उत्तर ‘गुन्हेगार नाहीं’ असें आलें. ३ जून १८८६ रोजीं सरकारला दंडांवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या त्या १८८४ च्या. म्हणजे दोन्हीं ठिकाणची ही चळवळ एकाच काळची आहे.

या संपाचा व फुटबॉलचा संबंध बहुतेक लेखक सरळच जोडतात : १८८५ मध्यें संप झाला, मालक भ्याले, म्हणून १८८७ मध्यें चेंडू आला. येथें वर सांगितलेला शाखाभेद आठवावा. संप झाला तो तिमोफेयच्या गिरणींत. चार्नॉक होते ते विकुलाच्या शाखेकडे. भिंतीला भिंत लागून असलेल्या चुलत घराण्याच्या गिरणींतील आग दुसऱ्याला दिसली नसेल असें नाहीं; पण एका गिरणीच्या दुखण्यावर दुसऱ्या गिरणीनें औषध घेतलें असें म्हणावयाचें तर तें तसें स्पष्ट म्हटलें पाहिजे. दोन्हींस ‘मोरोझोव्हची गिरणी’ या एकाच नांवाखालीं लोटून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं.

कारण शोधावयाचें तर तें कायद्यांत अधिक ठळक सांपडतें. २ जून १८९७ च्या रशियन कायद्यानें गिरण्यांतील दिवस साडेअकरा तासांचा केला, शनिवारचा दहा तासांचा केला, आणि रविवारची सुट्टी बंधनकारक केली. मजुराच्या खेळाचा पाया तो हा. आपल्याकडेहि मुंबईच्या गिरणी-कामगाराला रविवार मिळाला तो १८९० मध्यें, आणि तोहि मागून घ्यावा लागला. ज्याला आठवड्यांतून एक दिवस स्वतःचा नाहीं त्याचा संघ होत नाहीं. फार तर धन्याचा तमाशा होतो.

दुसरी अट एकत्र जमण्याची. झारच्या राज्यांत मजुरांचा कोणताहि घोळका पोलिसांस संशयास्पद वाटे. १९०५ च्या क्रांतीच्या धक्क्यानंतर ४ मार्च १९०६ रोजीं संस्था व संघटना यांसंबंधींचे नियम निघाले, आणि नोंदणी करून मंडळें काढण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतरच मॉस्कोकडे खेळाच्या मंडळांचें पीक आलें. ‘क्लूब-स्पोर्ट ओरेखोव्हो’ या नांवाचें मंडळ १९०९ मध्यें स्थापन झालें तें या लाटेंत. हॅरी चार्नॉक त्याचे आधारस्तंभ. पैसा व जागा मोरोझोव्हांची. लोकांच्या तोंडीं नांव ‘मोरोझोव्ह्त्सी’, म्हणजे मोरोझोव्हवाले.

आमच्या मतें म्हणून या संघाचा जन्म १९०९ चा धरावा. १८८७ हा बीजकाळ म्हणावा. पण बीज पडलें त्या दिवशीं झाड झालें असें कोणी म्हणत नाहीं.

(४) चार वर्षांचें अजिंक्यपद

या संघाची खरी कीर्ति पुढील चार वर्षांची. मॉस्कोच्या लीगचे सामने १९१० मध्यें सुरू झाले. याच सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, असें सांगितलें म्हणजे वाचकांस काळाचें भान राहील. लीगसाठीं रोमन फुल्दा या गृहस्थांनीं चषक दिला. १९१०, १९११, १९१२ व १९१३ अशीं सलग चार वर्षें तो ओरेखोव्होवाल्यांनीं जिंकला. राजधानीच्या तोडीच्या शहरांतील सोकोल्निकी, झामोस्क्वोरेच्ये इत्यादि ठिकाणच्या सुखवस्तु मंडळींच्या मंडळांवर आगगाडीनें येऊन-जाऊन खेळणाऱ्या एका गिरणगांवानें चार वर्षें वर्चस्व गाजविलें, ही गोष्ट लहान नव्हे. १९१४ मध्यें चषक झामोस्क्वोरेच्येकडे गेला.

संघांत आरंभीं इंग्रजांचा भरणा होता हें खरें. पण केवळ त्यांच्याच जोरावर तो जिंकत होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९१२ च्या उन्हाळ्यांत रशियाचा पहिला राष्ट्रीय संघ स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांस गेला, तेव्हां त्यांत ओरेखोव्होचे आंद्रेय अकिमोव्ह व निकोलाय कीनिन हे दोन रशियन खेळाडू निवडले गेले होते. तेथें रशियाचा फिनलंडकडून १–२ असा व जर्मनीकडून ०–१६ असा पराभव झाला, तो भाग निराळा. आम्हांस येथें महत्त्वाचें दिसतें तें इतकेंच कीं, गिरणीच्या मैदानावर वाढलेले रशियन खेळाडू तीन वर्षांच्या आंत देशाच्या संघाच्या योग्यतेचे झाले होते. १९१४ मध्यें गांवांत या खेळासाठीं खास क्रीडांगण तयार झालें.

याच काळांतील एक साक्षीदार फार बोलका आहे. ब्रिटिश सरकारचे उपवकील म्हणून १९१२ च्या आरंभीं मॉस्कोस आलेले रॉबर्ट ब्रूस लॉकहार्ट हे मोरोझोव्हवाल्यांच्या बाजूनें खेळले. आपला बंधु मोठा खेळाडू, त्याच्या नांवलौकिकाचा लाभ चुकून आपल्याला झाला, असें त्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत मोकळेपणें लिहिलें आहे. बंधूंची ख्याति रग्बीची, आणि गिरणीवाल्यांस हवा होता फुटबॉलपटु! हें आत्मवृत्त १९३२ मध्यें प्रसिद्ध झालें. मजुरांस व्होडका व राजकारण या दोहोंपासून दूर ठेवण्याचा उपाय म्हणून चार्नॉक यांनीं खेळ आणला, हें मत सर्वत्र पसरलें त्यास या पुस्तकाचा हातभार मोठा.

मालकांचा हेतु तो असेलहि. परंतु हेतु मालकाचा असला म्हणून परिणामहि मालकाच्या मनासारखाच झाला असें नव्हे. ज्या गांवांत फुटबॉल इतका रुजला तेंच गांव १९१७ मध्यें क्रांतिकारकांचें एक बळकट ठाणें होतें. चेंडूनें राजकारण थोपविलें नाहीं. आणि राजकारणानें चेंडूहि थांबविला नाहीं. आश्रयदात्याच्या इच्छेपेक्षां आश्रिताचें आयुष्य मोठें ठरल्याचीं उदाहरणें आमच्या मठमंदिरांच्या सनदांतहि थोडीं नाहींत.

(५) डायनामोचा वंश

आतां मुख्य मुद्दा. डायनामो हें क्रीडामंडळ १८ एप्रिल १९२३ रोजीं मॉस्को येथें स्थापन झालें. त्याचा आश्रय राज्याच्या गुप्त पोलीस खात्याचा, व त्या खात्याचा प्रमुख फेलिक्स झेर्झिन्स्की. त्याच्या फुटबॉल-संघाचा पहिला सामना १७ जून १९२३ रोजीं क्रास्नाया प्रेस्न्या या संघाशीं होऊन २–२ असा बरोबरींत सुटला. हे तपशील स्पष्ट व समकालीन आहेत.

एका संस्थेस दुसरीची वारस ठरवावयाची तर चार कसोट्या लावाव्या : स्थान, जन, आश्रय आणि नांव. डायनामोचें स्थान मॉस्को शहर, गिरणगांवापासून ९० किलोमीटर दूर. त्याचे पहिले खेळाडू मॉस्कोच्याच मंडळांतून वर आलेले. आश्रय पोलीस खात्याचा. गिरणीचा त्यांत कांहींहि संबंध नाहीं. नांव नवें. चारहि कसोट्यांवर दावा टिकत नाहीं. शेवटीं उरतें काय, तर पांढरा व निळा रंग! एवढ्या रंगसाम्यावर वंश जोडावयाचा तर भगवा झेंडा बाळगणारीं सर्व संस्थानें एका कुळांतलीं मानावीं लागतील. वर्णसाम्य हा पुराव्याला पूरक होऊं शकतो. पुराव्याच्या जागीं बसूं शकत नाहीं.

मग ही वंशावळ उपजली कशी? आम्हांस तिचीं कारणें दोन दिसतात. १९४५ च्या नोव्हेंबरांत डायनामोचा संघ इंग्लंडांत आला. चेल्सीशीं ३–३ अशी बरोबरी, कार्डिफवर १०–१ असा विजय, दाट धुक्यांत आर्सेनलवर ४–३ असा विजय आणि ग्लासगोच्या रेंजर्सशीं २–२ अशी बरोबरी करून तो अपराजित परतला. ज्या देशानें जगाला हा खेळ शिकविला त्या देशाला आपल्या घरीं येऊन वरचढ ठरणारा हा पाहुणा कोणीतरी आपलाच दूरचा नातलग असावा असें वाटणें मनुष्यस्वभावाला धरून आहे. लॅंकेशायरचे चार्नॉक त्या नात्याला अगदीं हवे तसे सांपडले.

दुसरें कारण कथेच्या गोडीचें. लॉकहार्ट यांस १९१८ च्या सप्टेंबरांत बोल्शेव्हिक सरकार उलथण्याच्या कटाच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. पकडणारी संस्था ‘चेका’, म्हणजे ज्या खात्यानें पुढें डायनामो काढला त्याचाच पूर्वावतार. ऑक्टोबरांत लंडनमध्यें अडकविलेल्या लिटव्हिनोव्ह यांच्या बदल्यांत त्यांची सुटका झाली. ज्या संघाच्या बाजूनें ब्रिटिश वकील खेळला तोच संघ पुढें त्याला कैद करणाऱ्या पोलिसांचा झाला, असें म्हटलें कीं कथेला नाटकाचा डौल येतो. परंतु हा काकतालीय योग आहे. कावळा बसला व ताडफळ पडलें, एवढ्यावरून कावळ्याला ताडाचा मालक ठरवितां येत नाहीं.

(६) खरा वारस

डायनामो वारस नव्हे, तर वारस कोण? उत्तर शोधावयास दूर जावें लागत नाहीं. तो ज्या गांवांत जन्मला त्याच गांवांत राहिला.

१९१८ च्या जून महिन्यांतील हुकुमानें रशियांतील मोठे कारखाने सरकारजमा झाले. मोरोझोव्हांची सत्ता गेली, इंग्रज व्यवस्थापकांचें स्थान गेलें. परंतु माग राहिले, मजूर राहिले, आणि मैदान राहिलें. संघाचीं नांवें काळाप्रमाणें बदललीं. मालकाचें नांव टाकावेंच लागलें; पुढें ‘क्रास्नोये झ्नाम्या’ म्हणजे लाल निशाण, नंतर ‘झ्नाम्या त्रुदा’ म्हणजे श्रमाचें निशाण. निशाणाचा रंग व अर्थ बदलला, पण काठी धरणारा हात गिरणीचाच राहिला. वर सांगितलेल्या कसोट्यांपैकीं स्थान, जन व आश्रय या तीन येथें पूर्णपणें लागू पडतात. नांव तेवढें निराळें. आणि राज्यक्रांतींत नांव टिकत नाहीं, याचें आश्चर्य इतिहासाच्या अभ्यासकांस वाटूं नये.

इतकेंच नव्हे, तर कारखान्यानें संघ पोसावा ही जी रीत मोरोझोव्हांच्या गांवीं दिसते, तीच सोव्हिएत राज्यांत सर्व देशाची रीत झाली. मॉस्कोचा ‘तॉर्पेडो’ मोटारींच्या कारखान्याचा, ‘लोकोमोतिव्ह’ रेल्वेचा, लेनिनग्राडचा ‘झेनित’ धातु-कारखान्याच्या संघांतून वाढलेला, दोनेत्स्कचा ‘शाख्तार’ कोळशाच्या खाणींचा. खेळाडूचें नांव कारखान्याच्या पटावर, पगार कारखान्याचा, मैदान कारखान्याचें. भांडवलदाराचें नांव पुसलें, पण त्याची पद्धत उचलली.

या परंपरेंत गिरणगांवाच्या वांट्याला आणखी एक सुवर्णदिन आला. १९६२ मध्यें ‘झ्नाम्या त्रुदा’ हा संघ खालच्या वर्गांत खेळत असतांना सोव्हिएत चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत चढला. मॉस्कोच्या लेनिन क्रीडांगणांत त्याच्यापुढें उभा होता शाख्तार. त्यानें आदल्याच वर्षीं तॉर्पेडोला हरवून हा चषक घेतला होता. एकीकडे गिरणी, दुसरीकडे खाण. सामना खाणीनें २–० असा जिंकला. खालच्या वर्गांतील संघानें इतकी मजल मारावी हें त्या चषकाच्या इतिहासांत फार क्वचित् घडलें आहे. तरी डायनामोच्या कथेंत मोरोझोव्हांचा उल्लेख करणारे लेखक या सामन्याविषयीं बहुधा मौन पाळतात. पूर्वज हवा असतो; पूर्वजाच्या घरीं राहिलेला खरा मुलगा मात्र अडचणीचा होतो.

१९९१ मध्यें सोव्हिएत राज्य लयास गेलें, कापडाच्या धंद्याला उतरती कळा लागली, आणि आश्रय आटल्यावर आश्रिताची जी दशा होते ती या संघाचीहि झाली. कांहीं काळ ‘ओरेखोव्हो’ हें जुनें ग्रामनामच त्यानें पुन्हा धारण केलें. मूळ सनदेंतील नांवाकडे झालेली ही परत पाहिली म्हणजे वारसा कोणाचा याविषयीं संशय उरूं नये.

(७) निर्णय

तात्पर्य, चार्नॉक बंधूंस प्रवर्तकाचा मान द्यावा. तो त्यांचा आहे. मोरोझोव्हांस आश्रयदात्याचा मान द्यावा. पैसा त्यांचा होता. परंतु संघाचे संस्थापक म्हणून ज्यांचीं नांवें कोणत्याच कथेंत येत नाहींत, त्या रविवार मिळविणाऱ्या व रविवारीं मैदानावर जमणाऱ्या विणकऱ्यांचा मान राजधानीच्या बलाढ्य संघाच्या खात्यावर जमा करण्याचा अधिकार कोणास नाहीं. १९१० ते १९१३ चे चार चषक डायनामोचे नव्हेत, ओरेखोव्होचे आहेत.

संग्राहकांस जातां जातां एक विनंति. असले वाद मिटतात ते आत्मवृत्तांनीं नव्हे, तर ज्यांस कोणी जुना कागद म्हणत नाहीं अशा कागदांनीं : लीगचे तक्ते, सामन्यांचीं हस्तपत्रकें, मंडळाचे नियम, खेळाडूंच्या हजेरीचे पट, संघाच्या छायाचित्रामागें पेन्सिलीनें लिहिलेलीं नांवें. मुंबईच्या गिरण्यांचेहि फुटबॉल, कबड्डी व क्रिकेटचे संघ होते. मफतलाल व ऑर्के मिल्स यांचे फुटबॉल-संघ तर शहरांत नांवाजलेले होते. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्यांचीं धुराडीं एकामागून एक थंड झालीं, आणि त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. जमिनीचे कागद सर्वांनीं जपले. संघांचे कागद ज्यांच्या ट्रंकांत पडले असतील त्यांनीं ते रद्दींत जाऊं देण्यापूर्वीं एखाद्या संशोधन-मंडळाच्या दप्तरीं पोंचते करावे. पन्नास वर्षांनीं कोणी त्या गिरण्यांचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हां त्याला भाटाच्या तोंडाकडे पाहावें न लागो.